दाखल्यावर मुलगा, वर्गात मुलगी: लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचं प्रकरण

हे प्रकरण २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन शैक्षणिक वर्षांतलं आहे. लातूर जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव, तिथली पाचवी ते दहावीची खाजगी अनुदानित शाळा, आसपासच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून येणारी मुलं. मी तिथं विज्ञान शिकवते. प्रकरणातल्या विद्यार्थिनीला इथं 'स' म्हणणार आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. हा मजकूर तिने स्वतः वाचला, काही वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत.

सविस्तर लिहिण्याचं कारण असं. पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या (सरकारी कागदांत 'तृतीयपंथी') विद्यार्थ्याचा विषय निघाला की शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "वरून पत्र येऊ द्या, मग बघू." या वाक्यापायी आमच्या शाळेत एका हुशार पोरीचं शिक्षण सुटायच्या बेतात आलं होतं. तिला ज्या गोष्टी हव्या होत्या त्यांतल्या बहुतेक मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या हातातल्या होत्या. कुठल्या होत्या, कुठल्या नव्हत्या आणि ज्या नव्हत्या त्यांचं काय झालं, ते सांगते.

पार्श्वभूमी

पाचवीत स आमच्याकडे आली ती मुलगा म्हणून नोंदलेली. आई-वडील उसाच्या टोळीत. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते; दसरा-दिवाळी झाली की दोघं फडावर, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. ती आणि धाकटा भाऊ आजीजवळ. आमच्याकडे अशी मुलं पुष्कळ आहेत. गणितात ती वर्गातल्या पहिल्या तीन-चारांत असायची. सातवीपर्यंत तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. "जरा जास्तच मुलींमध्ये राहतो" एवढंच काय ते शिक्षक बोलायचे.

कोरोनानंतर शाळा नियमित सुरू झाली तेव्हा ती आठवीत होती. आवाज फुटायचं वय. बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटल्याचा अभिमान वाटत होता, हिला त्याची धास्ती वाटत होती. नववीत ऑगस्टपासून ती शनिवारी हमखास गैरहजर राहू लागली. बाकीच्या दिवशी दुसऱ्या सुट्टीनंतर दप्तर घेऊन घरी. वर्गशिक्षकांनी दांड्या मारतो म्हणून नोंद केली. दोन्हींमागे स्पष्ट कारणं होती, पण ती कुणी विचारली नव्हती. शनिवारी सकाळी कवायत असते आणि मुलामुलींच्या रांगा वेगळ्या लागतात. मुलांच्या रांगेत तिच्या पाठीला, कमरेला हात लावले जायचे. मुलींच्या रांगेजवळ गेली तर शिक्षक हाकलायचे. आणि दुसऱ्या सुट्टीनंतर ती घरी जायची कारण तोवर लघवी असह्य व्हायची. मुलांच्या मुतारीत ती जाऊ शकत नव्हती. मग ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. त्या पावसाळ्यात तिला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध घ्यावं लागलं होतं, हे आजीकडून नंतर कळलं. गैरहजेरीच्या तक्त्यामागे असं शरीराचं दुखणं असू शकतं, हे शिक्षक म्हणून आपण आधी तपासायला हवं.

सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मराठीच्या तोंडी परीक्षेत ती "मी आजीबरोबर यात्रेला गेले होते" असं बोलून गेली. वर्ग हसला. शिक्षकांनी "गेलो होतो, नीट बोल" म्हणून वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ती उभी राहिली, बोलली नाही, तोंडीचे गुण गेले. त्यानंतर आठवडाभरात प्रार्थनेच्या वेळी केस वाढवलेल्या पोरांना बाहेर काढलं गेलं आणि सगळ्यांसमोर कात्रीने तिच्या केसांची बट कापण्यात आली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं. त्या कायद्याची वयोमर्यादा चौदा वर्षांची आहे हे खरं, पण एकाच मैदानावर सातवीला एक न्याय आणि नववीला दुसरा, असं कुठल्याच शाळेला म्हणता येणार नाही. बाकीच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन केस सारखे करून घेतले. स कशीबशी सहामाही देऊन गेली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही.

तिने काय सांगितलं

नोव्हेंबरमध्ये मी आणि आमच्या हिंदीच्या मॅडम तिच्या घरी गेलो. आजी दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. स बराच वेळ आत होती, मग ओढणी घेऊन बाहेर आली. आजीला त्यात नवल वाटलं नाही. घरात ती तशीच असते, हे आजीने आधीच स्वीकारलेलं दिसलं. आम्ही का येत नाहीस एवढंच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, मला शिकायचंय. पण शाळेत मी कुठं उभी राहू ते सांगा."

या वाक्याचा अर्थ आम्ही त्या दिवशी तपशिलात उकलून घेतला. कुठं उभी राहू म्हणजे रांगेत कुठं. बसू कुठं. लघवीला कुठं जाऊ. हजेरीला माझं नाव कसं घेणार. कपडे कुठले घालू. पोरं बोलली तर सांगू कुणाला. तिला त्या दिवशी ना दवाखाना हवा होता ना कागद.

एक गोष्ट आम्ही घरी जाण्याआधीच ठरवली होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या लिंगभावाबद्दल घरच्यांसमोर आपणहून एक शब्दही काढायचा नाही. घरी काय माहीत आहे आणि माहीत झालं तर मार पडेल का, हे आपल्याला ठाऊक नसतं. आजीने स्वतः विषय काढला म्हणून पुढचं बोलणं झालं.

कायदा आणि 'वरून पत्र'

शिक्षकांच्या बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: आपल्याला असं काही करायचा अधिकार आहे का? बैठकीआधी मी जे वाचून गेले होते ते थोडक्यात असं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. आमचं प्रकरण घडत असताना लागू असलेल्या या कायद्याचं कलम ३ शिक्षणसंस्थेत भेदभावाला बंदी घालत होतं, आणि कलम १३ नुसार शासकीय अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेवर तृतीयपंथी विद्यार्थ्यांना शिक्षण, खेळ आणि करमणुकीची समान संधी देण्याची जबाबदारी होती. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा होता. २०२० च्या नियमांत त्याला चौकशीसाठी पंधरा दिवस आणि संस्थाप्रमुखाला कारवाईसाठी पुढचे पंधरा दिवस दिलेले होते. कुठल्याही लिंगाच्या व्यक्तीला वापरता येईल अशा शौचालयाचा उल्लेखही त्याच नियमांत समान संधी धोरणाखाली होता. थोडक्यात, जे पत्र वरून यायची वाट आम्ही बघत होतो ते संसदेने आधीच पाठवलेलं होतं.

शिक्षकांना हाताशी धरायला पुस्तिका नव्हती, ही अडचण मात्र खरी होती. एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण साहित्य संकेतस्थळावर टाकलं आणि राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या आक्षेपानंतर काही दिवसांतच ते काढलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुली आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी 'लिंग समावेशन निधी'ची तरतूद आहे, पण गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

बैठकीत वारं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आमच्या सचिवांचं आयुष्य ग्रामपंचायतीच्या राजकारणात गेलं आहे. त्यांना मी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा आदेश सांगितला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली गुरू संजना जान यांचा महिलांसाठी राखीव जागेवरचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता; खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. सचिव जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पंचायतीत बाई म्हणून बसायला चालतं, तर वर्गात बसायला काय हरकत आहे?" कलमं वाचून जे झालं नसतं ते या एका उदाहरणाने झालं.

फळ्यावरचे दोन भाग

मुख्याध्यापकांनी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला आपण आज करू शकतो ते, दुसऱ्या बाजूला ज्याला बाहेरची परवानगी लागते ते. दुसऱ्या बाजूला तीनच नोंदी झाल्या: जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही), आधार, बोर्डाचा फॉर्म. बाकी सगळं पहिल्या बाजूला. मला वाटतं या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी काम त्या अर्ध्या तासात झालं.

हजेरी त्यानंतर सगळ्याच वर्गांत फक्त आडनाव आणि क्रमांकाने घ्यायची ठरली, त्यामुळे तिच्यापुरता वेगळा नियम राहिला नाही. प्रार्थनेला आणि कवायतीला उंचीप्रमाणे मिश्र रांगा. केसांचा नियम 'कापलेले' ऐवजी 'बांधलेले किंवा विंचरलेले' असा झाला, आणि कात्री शाळेतून गेली. गणवेशाचा प्रश्न ट्रॅक पँट आणि शाळेचा टी-शर्ट कुणालाही कुठल्याही दिवशी चालेल असं ठरवून सोडवला. नंतर कित्येक मुलींनीही तोच पसंत केला, सायकल चालवायला बरा म्हणून. बाकावर ती तिच्या दोन मैत्रिणींजवळ बसू लागली. त्या दोघींना आणि त्यांच्या घरच्यांना आधी विचारलं होतं. एकीच्या आईने सांगितलं, "ती लहानपणापासून आमच्याच घरी भातुकली खेळली, आता नवीन काय विचारता?"

तक्रार अधिकारी म्हणून माझं नाव फळ्यावर आणि दर्शनी भागात लागलं. विषय फक्त स चा आहे असं दिसू नये म्हणून सगळ्याच छळाच्या तक्रारी माझ्याकडे याव्यात असं ठरलं. पहिल्या महिन्यात आलेल्या तक्रारींत तिची एकही नव्हती. त्या होत्या काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून, जातीवरून बोलल्याच्या.

शौचालय

यावर थोडं थांबते, कारण अशा प्रकरणात शाळा इथंच अडतात.

आमच्याकडे मुलींसाठी तीन खोल्यांचं शौचालय आहे, मुलांसाठी उघडी मुतारी आणि दोन खोल्या. पहिला तोडगा निघाला शिक्षकांच्या शौचालयाचा. चावी कार्यालयात. कागदावर हे बरोबर दिसत होतं, प्रत्यक्षात ती दर वेळी कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांसमोर चावी मागायची. आठवडाभरात तिने पुन्हा पाणी पिणं बंद केलं. जिथं जायला परवानगी मागावी लागते ते शौचालय त्या मुलासाठी नसल्यासारखंच असतं.

मग आमच्या शिपाई मामांनी सुचवलं. इमारतीच्या मागे उतार असलेलं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचं शौचालय होतं. बांधलं तेव्हापासून त्यात खिचडीची जुनी भांडी, तुटलेले बाक आणि कवायतीच्या काठ्या. ते रिकामं केलं, आतून कडी बसवली, बाहेरच्या टाकीवरून नळाची जोडणी घेतली, दार दिवसभर उघडं ठेवलं आणि वर फक्त 'शौचालय' लिहिलं. ते कुणीही वापरायचं. पायाने अधू असलेला सातवीतला एक मुलगा इतकी वर्षं मित्राच्या खांद्यावर हात टाकून मुतारीत जायचा. तो पहिल्या दिवसापासून तिथं जाऊ लागला. पाळीच्या दिवसांत मुलीही तिकडे जातात, कारण तिथं कडी नीट लागते आणि पाणी असतं.

स ला मुलींच्या शौचालयात जायचं होतं. तिने ते स्पष्ट सांगितलं होतं. पालक-शिक्षक संघात काही पालकांनी विरोध केला आणि आम्ही या तिसऱ्या जागेवर थांबलो. ही तडजोड होती. तिला तिच्या मैत्रिणींबरोबर जाता आलं नाही, एकटीने मागच्या बाजूला जावं लागलं. तिचा लघवीचा त्रास थांबला, दुपारचे तास ती बसू लागली, हा मोठा फायदा; पण तिच्या मागणीला आम्ही पूर्ण न्याय दिला असं मी म्हणणार नाही.

व्हिडिओ

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. ती मुलींच्या गोंधळनृत्यात नाचली आणि सुरेख नाचली. रात्रीपर्यंत तिचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता, खाली 'छक्का', 'मामू' आणि त्याहून घाण शब्द. चित्रण दहावीच्या मुलाने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याच्या वडिलांना बोलावलं. व्हिडिओ पुसून घेतला, ग्रुपच्या ॲडमिनला मुख्याध्यापकांनी स्वतः फोन केला. त्या मुलाला प्रार्थनेत उभं करायचा आग्रह काही शिक्षकांचा होता. मी विरोध केला. एका पोराची अब्रू काढून दुसऱ्याची भरून येत नाही, आणि राग शेवटी स वरच निघाला असता. त्याने लेखी दिलं, उरलेल्या सत्रात शाळेत फोन आणला नाही आणि मैदानाची व्यवस्था बघायचं काम केलं. वर्गात तिच्याबद्दल कुठलंही भाषण झालं नाही. विज्ञानाच्या तासाला मी किशोरवयातल्या बदलांचा पाठ घेताना शरीर आणि लिंगभाव हे सगळ्यांचे एकसारखे जुळतातच असं नाही, एवढं पाठाचा भाग म्हणून शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात हे मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आहे, हेही सांगितलं.

इथं शिक्षकांसाठी एक सावधगिरी. व्हिडिओ आणि शिव्यांऐवजी कुणी तिचे कपडे ओढले असते, 'बघू काय आहे' म्हणून हात लावला असता, तर ते प्रकरण शाळेत मिटवण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. कलम १९ नुसार माहिती पोलिसांना द्यावीच लागते, न दिल्यास कलम २१ खाली संस्थाप्रमुखालाच शिक्षा होऊ शकते.

घर

व्हिडिओ फडावर पोचला आणि वडील एका रात्रीत गावी आले. सकाळी थेट शाळेत. "दाखला द्या. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई ह्यानं. कोयत्यावर नेतो, उन्हात राबला की सगळं खूळ उतरंल."

मुख्याध्यापकांनी त्यांना बसवलं, चहा दिला. दाखला मागायचा अधिकार वडिलांचा आहे, तो नाकारता येत नाही. पण ते म्हणाले, "देतो. पण आईची सही आणा, आणि पोराला समोर बसवून विचारू." मग गणिताची सहामाहीची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. वडिलांना गुण वाचता येत होते. ते बराच वेळ पान उलटत राहिले. दाखला न घेता गेले, पण निवळून गेले असं नाही. पुढचे काही महिने ते तिच्याशी बोलले नाहीत.

दरम्यान दोन वाटा सुचवल्या गेल्या. तालुक्याच्या एका डॉक्टरने ताकदीच्या इंजेक्शनांचा कोर्स सांगितला. अशा 'सुधारणे'च्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे हे आम्ही कुटुंबाला सांगितलं, आणि मन मोकळं करायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिला. दुसरी वाट चुलत्याची: तुळजापूरला नेऊन परडी द्यायची, देवीला सोडायची, म्हणजे घराला बोल नाही. आमच्या भागात आराध्यांना मान आहे, श्रद्धेला मी नाव ठेवत नाही. पण पंधरा वर्षांच्या लेकराला शाळेतून काढून जोगव्यावर पाठवणं ही श्रद्धा नव्हे. चुलत्याने तालुक्यातल्या तृतीयपंथी समाजाच्या एका वडीलधाऱ्या गुरूंकडेही शब्द टाकला होता. त्या स्वतः आजीकडे आल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडं दहावीचा कागद असता तर मी टाळी वाजवत फिरले नसते. हिला शिकू द्या. शिकून माझ्याकडं यायचं असंल तर दार उघडं आहे." २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती अधिनियमाचं कलम १२ सुद्धा तिला घरातून काढण्याच्या विरुद्धच होतं: तृतीयपंथी असण्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आई-वडिलांपासून वेगळं करता येत नाही.

एप्रिलमध्ये आई फडावरून परतली आणि शाळेत आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, लेकरू कसं का असंना, माझंय. दहावी होऊ द्या." त्यानंतर घराने तिला निदान अडवलं नाही.

कागद

फळ्याच्या दुसऱ्या बाजूचं काम आता सुरू झालं. त्या वेळच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळत होतं. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, नियमांत तीस दिवसांची मुदत. अठरा वर्षांखालच्यांसाठी अर्ज पालकांनी करायचा. आई सही करायला तयार होती. पण प्रमाणपत्रावर लिंग 'तृतीयपंथी' येणार होतं. 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्र, असा कलम ७ चा मार्ग होता. त्या प्रमाणपत्राच्या आधारे जनरल रजिस्टरमध्ये बदल करायचा तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, आणि ती विद्यार्थी शाळेत असेपर्यंत घेणं सोपं. दहावीचा फॉर्म सरल या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या सरकारी प्रणालीतल्या नोंदीवरून भरला जातो, म्हणजे हे सगळं नववीच्या उन्हाळ्यात उरकलं तरच उपयोग.

मी घाईत होते. स नव्हती. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. "दाखल्यावर तसं लिहिलं तर अकरावीला खिडकीवर बसलेला माणूस आधी ते वाचणार, मग माझं तोंड बघणार. मी कुणाला सांगायचं ते मीच ठरवीन." तिचं म्हणणं आम्ही मान्य केलं. कागद बदलणं म्हणजे मदत, असं आपण धरून चालतो. तिच्यासाठी त्या वयात, त्या गावात तो कागद ढाल ठरला नसता. तिची फाईल मात्र आम्ही तयार ठेवली आहे. अठरा पूर्ण झाली की पालकांच्या सहीचा प्रश्न उरणार नाही. त्या वेळी कायदा जसा असेल तसा अर्ज ती करू शकेल.

कागद जुनेच राहिल्याची किंमत पैशातही मोजावी लागते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. स ला तो मिळत नाही, मुलांचा सवलतीचा पास विकत काढावा लागतो.

परीक्षा

दहावीचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. कॉपीमुक्त अभियानामुळे आमच्या भागात केंद्राच्या दारावर कडक झडती होते. मुलांची पुरुष घेतात, मुलींची स्त्रिया. हॉलतिकिटावर मुलग्याचं नाव आणि समोर वेणी घातलेली मुलगी, म्हणजे दारातच तमाशा. हे आमच्या लक्षात फेब्रुवारीत आलं, आणि इतर शाळांनी ते आधीच लक्षात घ्यावं. मुख्याध्यापकांनी केंद्र संचालकांना प्रत्यक्ष भेटून पत्र दिलं: झडती वेगळ्या खोलीत, महिला शिक्षिकेकडून, ओळख पटवायला शाळेतला एक शिक्षक पहिल्या दिवशी हजर. केंद्र संचालक म्हणाले, "एवढंच ना?" आणि तसं केलं. एका पेपरला दुसऱ्या ठिकाणचं भरारी पथक आलं तेव्हा तेच पत्र पुन्हा दाखवावं लागलं.

ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. २०२४ च्या दहावीच्या आकडेवारीत मंडळाने तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिला होता. स त्यात नाही. ती मुलग्यांमध्ये मोजली गेली.

सध्या

जून २०२४ मध्ये तिने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. वसतिगृहं मुलांची किंवा मुलींची, म्हणून ती रोज एसटीने जाते-येते. वडील आता बोलतात, कामापुरतं. आमच्या शाळेत मिश्र रांगा, केसांचा नियम आणि मागचं शौचालय हे तीनही शाळा समितीच्या ठरावाने कायम केलं आहे, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी ते बदलणार नाही. मुलींच्या शौचालयाचा विषय पुढच्या पालक सभेत पुन्हा घ्यायचा आहे. या वेळी आठवी-नववीच्या मुलींचं म्हणणंही ऐकायचं ठरलं आहे, ते आधी कुणी विचारलं नव्हतं.

महाविद्यालयाला आम्ही तिच्या संमतीने पत्र दिलं होतं. त्यांनी ते 'वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी सादर' असा शेरा मारून पुढे पाठवलं आहे. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक आणि मी प्राचार्यांना भेटायला जात आहोत. सोबत आमचे तीन ठराव, केंद्र संचालकांना दिलेल्या पत्राची प्रत, आणि तिने स्वतः लिहिलेला अर्धा कागद. त्यात तिने तीनच गोष्टी मागितल्या आहेत: हजेरी आडनावाने घ्यावी, प्रयोगशाळेत मुलींच्या गटात बसू द्यावं, आणि कडी लागणारं एक शौचालय दिवसभर उघडं असावं.